आंघोळीचा व्हिडिओ

आमच्या वरच्या खोलीत काही महिन्यांसाठी राहायला आलेल्या बाई कायद्याच्या अभ्यासक होत्या. इथल्या माणसाचा फोटो परदेशातल्या कंपनीकडे गेला, तर त्यावर हक्क कुणाचा, हा त्यांचा विषय. माझ्या नणंदबाई, ताई, त्यांना कलमबाई म्हणायच्या. "मीठ मागायला आल्या तरी आधी कलम सांगतात!"

मला मात्र त्या देवासारख्या भेटल्या. कारण ताईंनी माझ्या लेकीच्या आंघोळीचा जुना व्हिडिओ साऱ्या जगाला दाखवला होता. दीड वर्षाची पोर, अंगावर फक्त फेस. खाली अनोळखी पुरुषांच्या बदामांची रांग.

"अगं, गोड आहे म्हणून टाकला. तू ना, वाऱ्यालाही घाबरतेस," एवढं बोलून ताई मोकळ्या. मी दुपारी झोपलेल्या लेकीशेजारी पडून, फोनचा आवाज बंद करून, कोण कोण पाहतंय ते पुन्हा पुन्हा बघायचे.

मी सांगितल्यावर कलमबाईंनी तो व्हिडिओ वाचनालयात बसून पाहिला आणि संध्याकाळी मला जिन्यातच गाठलं.

"काढून टाकू. नुसता लोकांसमोरून नाही, कंपनीकडच्या सगळ्या प्रतींसकट. ताईंच्या खात्यात साठवलेलं मूळसुद्धा."

"ताईंना आधी विचारू?"

"विचारलंस की त्या रडतील आणि तू विरघळशील. हक्क पोरीचा आहे, आत्याचा नाही."

मी आई म्हणून सही केली. व्हिडिओ गेला. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

रविवारी ताई चपला न काढताच आत आल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी नुसता फोन माझ्यापुढे धरला.

"माझ्या फोनमधूनही गेला गं. त्यात बाबा होते."

"बाबा? त्यात तर बाळ एकटीच..."

"दिसत नव्हते. दाराशी उभे होते. 'डोळे मीट गं म्हातारे, साबण जाईल,' म्हणत होते. ऐकलं नाहीस कधी?"

सासरे जाऊन वर्ष होत आलं होतं. समोर फोन धरला की ते गप्प व्हायचे. त्यांचा बोलता आवाज तेवढाच होता.

जिन्यात उभ्या कलमबाईंचा चेहरा उतरला. "मीही आवाज बंद करूनच पाहिला. वाचनालय होतं ना."

त्यांनी कंपनीकडे विनंतीवर विनंती केली. उत्तर आलं : नियमाप्रमाणे काहीही शिल्लक ठेवलेलं नाही.

"हे वाक्य त्यांच्याकडून लिहून घ्यायला आम्ही वर्षानुवर्षं भांडलो," बाई म्हणाल्या. ताईंकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

आज ताई आल्या तेव्हा लेकीची आंघोळ चालू होती. त्यांनी फोन बाहेर चपलांशेजारी ठेवला, मगच न्हाणीघरात आल्या. "फोन आणा ना आत," म्हणायला माझी जीभ रेटेना. पाण्याचा मग भरून घेत त्या म्हणाल्या, "डोळे मीट गं..." आणि थांबल्या.

लेक डोळे घट्ट मिटून पाण्याची वाट बघत राहिली.