भाषणातली मुलगी

माझी मुलगी पहिल्यांदा वारली तेव्हा ती माझ्या मांडीवर दूध पीत होती.

माझ्या कानात हेडफोन होते. आमच्या मासिकातर्फे जागोजागी व्याख्यानं आणि वाचनं होतात. त्यांची रेकॉर्डिंग माझ्याकडे येतात आणि मी ती घरी बसून टाइप करते. बाळंतपणानंतर संपादकांनी मला हेच काम दिलं होतं. त्या दिवशी त्यांचंच भाषण होतं, 'सत्ता आणि संवेदना'. शेवटाकडे आवाज खाली आणत ते म्हणाले, "आमच्याच ऑफिसातल्या एका मुलीचं तान्हं बाळ. न्यूमोनिया. हॉस्पिटलात खाट नाही. व्हरांड्यात, आईच्या खांद्यावर, पिवळ्या झबल्यात..." मग लांबलचक शांतता. "...ते बाळ गेलं, मित्रहो."

कुणीतरी हुंदका दिला. मग टाळ्या. मी सवयीने कंसात 'टाळ्या' असं टाइपही केलं आणि मग रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

व्हरांडा खरा होता, झबलंही खरं होतं. रजा का वाढवून हवी हे सांगताना मीच त्यांना सगळं सांगितलं होतं. फक्त पहाटे आम्हाला खाट मिळाली होती आणि ठकी वाचली होती. ठकी म्हणजे माझी मुलगी, घरात तिला तेच म्हणतात.

मी ऑफिसात गेले. "सर, ती जिवंत आहे."

"अगं, माहितीये की! पण ती तुझी मुलगी नाही. ते एक प्रतीक आहे."

"मग प्रतीकाच्या अंगात माझ्या मुलीचं झबलं कशाला?"

ते हसले. "लोक तपशिलाने हलतात. आणि मला सांग, बाळ बरं झालं तर मुद्दा कुठे राहतो?"

त्यानंतर ठकी गावोगाव मरत राहिली. एका गावी गाडीत गेली, एका गावी डॉक्टरांच्या दारात. एका ठिकाणी तर जाताना 'आई' म्हणाली. तेव्हा तिला दात नव्हते, शब्द कुठून येणार! प्रत्येक रेकॉर्डिंग संपलं की मी उठून पाळण्यापाशी जायची आणि तिच्या नाकाखाली बोट धरायची. नवरा म्हणाला, "शब्दच आहेत गं, शब्दांनी काय होतंय?"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "त्या माणसाच्या जिभेला हाड नाही. मारायचीच हौस असेल तर स्वतःची नातवंडं घे म्हणावं की!" मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तू नुसती धुसफुसतेस काय? पदवी घेतलीस ना? वापर."

संधी चालून आली. मासिकाच्या वार्षिक व्याख्यानाला वक्ते संपादकच होते आणि दरवर्षी त्यांचा परिचय करून देणारे प्राध्यापक पाय मुरगळून घरी बसले होते. मी म्हटलं, "सर, मी करून देऊ परिचय?"

"वा! बाहेर पड जरा, घरात बसून गंजशील." मी गोड हसले. त्यांचं भाषण मला अथपासून इतिपर्यंत पाठ होतं, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत सासूबाई, त्यांच्या मांडीवर ठकी. मी माईकसमोर उभी राहिले.

"सर सुरुवात वीज गेल्याच्या विनोदाने करतील," मी म्हणाले, "हसू आवरू नका." लोक हसले. संपादकही हसले. "मग मंत्र्याच्या छत्रीचा किस्सा येईल. छत्री कोणी धरली, ते सर दोनदा विचारतील." पुन्हा हशा. या वेळी संपादक जरा कमी हसले. "आणि शेवटी सर चष्मा काढतील. समजून घ्या, आता एक बाळ जाणार आहे. पिवळ्या झबल्यातलं. गावोगावच्या लोकांनी त्या बाळासाठी डोळे पुसलेत. त्या सगळ्यांच्या वतीने मला एक आनंदाची बातमी द्यायचीय. ते बाळ बरं झालंय. झबलं आता होत नाही. चार दात आलेत. आई, आणता का तिला?"

सासूबाई अशा थाटात व्यासपीठावर आल्या की जणू सत्कार त्यांचाच आहे. मी ठकीला कडेवर घेतलं. तिने माईक दोन्ही हातांनी धरला आणि त्याचा चावा घेतला. कर्र्र असा आवाज सभागृहभर घुमला. मग टाळ्या झाल्या, पण कशा! मागचे लोक उभे राहून बघत होते.

संपादक उठले. विनोद त्यांनी गाळला. छत्रीपाशी आले तर मागून कुणीतरी ओरडलं, "कोणी धरली?" आणि सगळे फिदीफिदी हसले. शेवटाकडे त्यांचा हात सवयीने चष्म्याकडे गेला. तेवढ्यात खालून ठकी खिदळली. त्यांनी चष्मा नुसताच पुसला, पुन्हा लावला, "तर मित्रहो..." म्हणाले आणि पुढे काही सुचेना. "धन्यवाद" म्हणून ते बसले.

मला त्यांची दया आली, असं लिहायला बरं दिसलं असतं. नाही आली. उलट वाटलं, ते अजून थोडा वेळ उभे राहायला हवे होते.

चहाच्या टेबलापाशी ते माझ्याजवळ आले. "चांगला सूड उगवलास."

"हो, सर."

"पुढच्या भाषणात ती नसेल. झालं समाधान?"

मी मान डोलावली. त्यांनी कप उचलला आणि शेजारी उभ्या असलेल्या, मासिकाची पानं लावणाऱ्या मुलीकडे वळले. मान किंचित तिरपी केली, आवाज खाली आणला. "काय गं, तुझ्या वडिलांना बरं नसतं ना हल्ली? नेमकं काय झालंय त्यांना?"

ती बिचारी सांगायला तोंड उघडत होती. मी ठकीला त्या कडेवरून या कडेवर घेतलं आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"ठणठणीत आहेत तिचे वडील," मी म्हटलं. "चहा घ्या, सर. गार होतोय."