क्लीनर साईड

"दाबा म्हणलं की दाबा, सोडा म्हणलं की सोडा. मधी डोकं लावू नका!"

मंगल चाकापाशी उकिडवी बसून ओरडली. वर ड्रायव्हर सीटवर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, रविकुमारनं, ब्रेक दाबला.

"दाबलो. लोण्यात पाय घातल्यावानी लागायलंय."

"आजून?"

"आजून."

मंगलनं कॅलिपरचं निप्पल, ब्रेकमधली हवा काढायचं भोक, सैल केलं. नळीतून तेल बाटलीत उतरलं. स्वच्छ तेल, एक बुडबुडा नाही. मग हवा दडून बसलीय कुठं?

येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची, सकाळ होती. मादन हिप्परग्यातलं माणूस न् माणूस शेताकडं निघालेलं. कडब्याच्या कोपीत पांडव पुजायचे, भज्जी-उंडे खायचे, आंबील प्यायची. गॅरेजवाला कालच कुलूप घालून आपल्या गावी गेला. येळवशीला पाना कोण हातात धरतंय?

पण मंगलला आजच गाडी हवी होती.

साखरेनं रविकुमारची नजर गेली, तेव्हापासून पिकअप तीच चालवायची. आळंदच्या बाजाराला भाजी न्यायची. गेल्या आठवड्यात पुढचा ब्रेक जाम झाला, गाडी एका अंगाला ओढली आणि खड्ड्यात जाता जाता राहिली. थोरला दीर भीमण्णा तेवढंच निमित्त शोधत होता. "बाईमाणसाच्या हातात मरण दिलास तू, रव्या. येळवशीला शेतात सगळे बसू, तिथंच गाडी इकायचं ठरवू."

मंगलनं तिथंच सुनावलं. "येळवशीला आत्याला ह्याच गाडीत उतारानं शेतात आणते. न्हाई आणली तर खुशाल इका."

सासू बाणूबाईचं खुब्याचं हाड मोडलेलं. गेल्या येळवशीला ती घरीच बसली होती, एकटी.

आताही ती ओट्यावर बसूनच होती, मांडीशी आंबिलीचं मडकं घेऊन.

"मंगल, आंबील फुगायली गं! आजून येळ लावलीस तर मडकं आपल्या पायानं जाईल शेताला."

"त्याला म्हणावं थांब, सोबतच जाऊ."

मंगलनं घाम पुसला. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर तिनं आळंदहून जोडीनं आणले होते. सकाळी रविकुमारनं बाज गाडीसमोर टाकून घेतली, एकेक कॅलिपर बोटांनी चाचपला आणि दिला. हा डावा, हा उजवा. तिला जरा खटकलं होतं. पण ज्याचा जन्म गाडीखाली गेला त्याला काय विचारायचं!

तिनं मातीत पडलेला जुना कॅलिपर उचलून नव्याशेजारी धरला. जुन्याचं निप्पल वर. नव्याचं खाली. हवा तर वर जाणार, खालच्या भोकातून ती निघेल कशी?

आता हे सांगायचं कसं?

"आवं, सकाळी बाजेवर कुणीकडं तोंड करून बसला हुता?"

"गाडीकडं. कामून?"

रविकुमारचा डावा हात हवेत उठला, थोडा वेळ तसाच राहिला आणि हळूच खाली आला.

"म्हंजे माझं डावं ते गाडीचं उजवं."

"व्हय."

गाडीवरची माणसं डावं-उजवं म्हणत नाहीत. ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड, बस्स. रविकुमारही जन्मभर तेच म्हणत आला. पण शेजारच्या, क्लीनरच्या सीटवर बसायची पाळी आली तसा 'क्लीनर' हा शब्द त्यानं तोंडातून काढून टाकला. मंगलच्या हे ध्यानात होतं. तिथं बसून तो उजवा पाय खाली दाबत राहायचा, हेही होतं. तिथं ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. पाय दाबून दाबून खालची चटई तेवढी घासली होती.

"भीमण्णाला फोन लाव," तो म्हणाला. "ट्रॅक्टर घिऊन ये म्हणावं."

"फोन ऱ्हाऊ द्या. मी पुन्ना खोलायलेय."

"ऊन डोक्यावर आलं, मंगल."

"यिऊ द्या की. कोणचा कुठं लावू, तुम्हीच सांगा."

"तुला कळलंय की."

"तरी सांगा."

त्यानं स्टेअरिंग घट्ट धरलं. ती हातात पाना घेऊन थांबली.

"ड्रायव्हर साईडचा काढ," तो म्हणाला. मग स्टेअरिंगवरचे हात काढून, "क्लीनर साईडला लाव."

तिनं पुन्हा चाकं काढली. बोल्ट खोलले, तांब्याच्या चकत्या पुसून बसवल्या. एक बोट सोललं, ते तोंडात घालून तसंच काम रेटलं. या खेपेला निप्पल सैल करताच बुडबुडे फुसफुसत आले. मग नुसतं तेल.

"दाबा!"

"दगूड! दगूड लागला गं!"

गल्लीत तिनं गाडी पळवून बघितली, थांबवून बघितली, पुन्हा पळवली. मगच बाणूबाईला उचलून मधल्या जागेवर बसवलं. म्हातारीनं मडकं मांडीवर घेतलं. रविकुमार चाचपत पलीकडच्या दारानं चढला.

उताराच्या तोंडाशी मंगल थांबली. खाली ज्वारीच्या कडेला कोप दिसत होती. कोपीसमोर भीमण्णा उन्हाआड कपाळावर हात धरून वाटेकडं बघत उभा होता.

"सोड की," बाणूबाई म्हणाली.

गाडी उतरू लागली. मधेच वाटेवर मेंढरं आडवी आली. मंगलनं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, सरळ, इकडं नाही की तिकडं नाही.

बाणूबाईनं मडक्यावरचं फडकं उचलून आत बघितलं. "न्हाई सांडली."

मंगलनं सवयीनं पलीकडं, खाली बघितलं. रविकुमार सीटवर मांडी घालून बसला होता, तोंड खिडकीच्या वाऱ्याकडं करून. चटईवर, त्या घासलेल्या जागी, नुसत्या त्याच्या चपला होत्या.