पाळण्याखालची फळी

भर धुक्याच्या दिवसांत आमच्या संग्रहालयात रांग लागली. तिकिटाच्या खिडकीपाशी कुणी नव्हतं. रांग होती विणकराच्या जुन्या घरापुढे. बायकांच्या हातांत तान्ह्या मुलांची टोपडी, मोजे, खुळखुळे. एक म्हातारा तर लाकडी घोडा काखेत मारून उभा. आतला पाळणा म्हणे हात न लावता डुलतो. गेलेल्या मुलाचं नाव घ्यायचं, की डुलतो.

आमचं संग्रहालय उघड्या माळावरचं. कुठकुठली जुनी घरं लाकडांवर खुणा करून उसवली आणि इथे आणून पुन्हा जोडली. पर्यटकांच्या मोसमात मला जुन्या काळचे कपडे घालून विणकराच्या चुलीपाशी बसवतात. लोक विचारतात, "आजी, तुम्ही इथेच राहता?" मी म्हणते, "हो, मलाही खुणा करूनच आणलंय."

मोसम सरला की चूल विझते आणि किल्ल्या माझ्या कमरेला येतात. तेव्हा येणारी माणसं वेगळी. ती फोटो काढत नाहीत. ओल्या वाटेने एकटीदुकटी चालतात, उंबऱ्याशी पाय पुसतात, आत कुणी झोपलंय असं समजून हळू बोलतात. रिकाम्या घरात आपलंच पाऊल आपल्याला परकं वाटतं. ज्याच्या घरातलं माणूस कमी झालंय, तोच अशा दिवसांत अशा जागी फिरकतो. हे मला ठाऊक होतं. पाळण्यापाशी बसणाऱ्या त्या बाबालाही ठाऊक होतं.

बाबा आधी साधा पाहुणा म्हणून आला. घरातून फिरताना त्याने काय पाहिलं कोण जाणे, पुढच्या खेपेला चेल्याला घेऊन आला, अंगावर पांढरी शाल, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याचं नाव झोकेबाबा ठेवलं.

"लाकूड विसरत नाही, माई," तो म्हणायचा. "त्या बालकांचा सूक्ष्म श्वास या लाकडात आहे."

"मग वाळवी लागते तेव्हा ती काय खाते? आठवणी?"

"तुमच्या बोलण्याने लहरी तुटतात."

"माझं बोलणं लग्नाआधीपासून असंच आहे. चाळीस वर्षं संसार केला, नवऱ्याची एक लहर तुटली नाही."

लोक हसायचे आणि पुन्हा हात जोडायचे. मीही हसले असते. पण रांगेत सगळ्यांत पुढे माझी सून होती.

माझा नातू उन्हाळा संपता संपता गेला. छातीत कफ दाटला, दवाखान्यात नेईपर्यंत ओठ निळे. अजून रांगत होता. मुलगा परगावी कामाला, तो चार दिवस रडून परत गेला. सून रडलीच नाही. बाहेर सांडलं नाही ते आत साचत गेलं. आणि या बाबाने बरोबर तिथेच भांडं धरलं.

तिची मोठी मुलगी सहा वर्षांची. तिला दमा. हवा गार झाली की औषधाचा पंप ओढावा लागतो. बाबाने सुनेला सांगितलं, "भावाने बहिणीसाठी आपला श्वास राखून ठेवलाय. तो पंप पाळण्यात ठेव. आता तिच्यासाठी तो श्वास घेईल."

तिने ठेवला. मी तो काढून पोरीला दिला. सुनेने पोरीच्या हातातून हिसकावून परत पाळण्यात टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्हाला तो यायला नकोय."

माझ्या जिभेला उभं गाव घाबरतं. पण त्या दिवशी मी पंप तिथेच राहू दिला.

दुसऱ्या सकाळी चेला वेळेवर आला नाही. खोली माणसांनी भरलेली. बाबा घाम पुसत सांगत होता, "आज बालकं गाढ निजली आहेत. घाई करू नका." सून पाळण्यासमोर बसलेली. नातीला मी वाऱ्यातून उचलून पलीकडच्या स्वयंपाकघरात ठेवलं होतं. तिच्या छातीतली शिट्टी भिंतीतून ऐकू येत होती.

आणि पाळणा डुलला. कुणी नाव घेतलं नव्हतं, काही नाही. डुलला, थांबला, पुन्हा डुलला.

सून म्हणाली, "आला."

खोटं कशाला सांगू, माझाही हात पुढे गेला. पदराआड मी त्याचं नाव घेतलं. मग माझी नजर बाबावर पडली. सगळ्या खोलीत सर्वांत जास्त घाबरलेला माणूस तोच होता. भिंतीला पाठ लावून उभा, अर्धे मिटलेले डोळे बशीएवढे. मी मनात म्हटलं, बाबा रे, रोजचा तुझा देव, त्याला एवढा का भितोस?

मी स्वयंपाकघरात गेले. नात विझलेल्या चुलीपुढे एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत होती.

"थंडी वाजते गं आजी," ती धापत म्हणाली. मग दचकून हळूच, "मी बाळाला उठवलं का?"

तो असताना आम्ही तिला दिवसभर दटावायचो, पाय वाजवू नकोस, बाळ उठेल म्हणून.

"नाही गं राणी. अजून एक उडी मार. फक्त एक."

तिने मारली. मी पलीकडे हाक दिली, "डुलला?"

"डुलला," तो घोडेवाला म्हातारा म्हणाला.

"आता थांबेल. थांबला?"

"थांबला."

"आणि बाबांचा चेला रोज इथे स्वयंपाकघरात बसून ध्यान करायचा. पायाने."

बाबा मागच्या दाराने सटकला. मागचं दार स्वयंपाकघरात. तो तिथून पळाला तसा पाळणा पुन्हा डुलला, आणि इतकं सगळं कळूनही माझ्या सुनेचे डोळे तिकडे वळले.

मग संग्रहालयाच्या सुताराने सगळ्यांसमोर जमीन उघडली. हे घर त्यानेच जोडलेलं. खडूच्या खुणा पावसात धुऊन गेल्या, म्हणून माळ्यावरची लांब फळी चुकून खाली बसली, असं तोच खाली मान घालून म्हणाला. ती भिंतीखालून दोन्ही खोल्यांत जाते, मध्ये तुळई. मोसमात चूल पेटते, लाकूड कोरडं राहतं, दोन्हीकडे गर्दी असते, गलका असतो, कुणाला काही जाणवत नाही. मोसम सरल्यावर ओल धरते, फळी फुगून वाकते आणि तुळईवर तरंगते. स्वयंपाकघरातल्या टोकावर पाय दिला की पाळण्याखालचं टोक उचलतं. मुलं सी-सॉ खेळतात, तसंच.

सुनेने त्या उघड्या खड्ड्यात वाकून बघितलं. खाली माती होती, लाकडाचा भुसा होता.

"म्हणजे तो एकदाही आला नव्हता, आई?"

"नाही गं."

मग ती रडली. उन्हाळ्यापासूनचं सगळं रडली. रडतच उठली, पाळण्यातला पंप काढला, पदराला पुसला आणि मुलीच्या तोंडाशी धरला. "ओढ," म्हणाली, "ओढ गं माझे बाई." पोरीने ओढला. शिट्टी हळूहळू उतरली. पाळणा जागचा हलला नाही.

म्हातारा लाकडी घोडा तिथेच ठेवून निघाला होता. मी तो परत त्याच्या काखेत दिला. घरी न्या म्हटलं, तुमचाच आहे.

वाचणाऱ्यांनो, रिकाम्या घरात आवाज येतात. पण प्रत्येक आवाज आपल्याच माणसाचा नसतो. कुणी तसं म्हणालं, तर आधी फळी उचलून बघा. खाली पोकळी निघेल, आणि ती सोसवणार नाही. मलाही सोसवत नाही. पण ती भरायला जित्या लेकराचा श्वास घालू नका.