मधली लाइन

“म्हणजे मधल्या लाइनवर आता पाठीमागूनही गाडी येणार?” रुळांची दुरुस्ती करणाऱ्या टोळीच्या मुकादमाने विचारलं.

“गर्दी ज्या बाजूला, त्या बाजूला गाडी सोडणार,” इंजिनिअरबाई म्हणाल्या. “एका दिशेला सिग्नल दिला, की उलट दिशेचे सगळे सिग्नल लाल. यंत्र चाकं मोजतं. आत शिरलेली सगळी चाकं बाहेर पडल्याशिवाय दिशा बदलत नाही. टक्कर अशक्य.”

“पण बाई, आम्हाला कुठं चाकं आहेत?” वेल्डर म्हणाला. खोलीत हशा पिकला. मुकादम हसला नाही.

रुळावर काम चालू असताना गाडीवर लक्ष ठेवायचं आणि ती दिसताच शिट्टी फुंकायची, हे काम वीस वर्षं त्याच्याकडे होतं. गाडी येते तिकडे तोंड करून तो उभा राहायचा. चार वर्षांपूर्वी त्याचा डावा कान गेला. हे फक्त वेल्डरला माहीत होतं, कारण तो त्याचा साडू. एका कानाने आवाज ऐकू येतो. तो कुठून आला, ते कळत नाही. पण गाडी एकाच बाजूने यायची, म्हणून आजवर काही अडलं नव्हतं.

गुरुवारी टोळीतले सहाजण मधल्या लाइनवर काम करत असताना हॉर्न वाजला. मुकादमाने सवयीच्या बाजूला पाहिलं. लाइन रिकामी होती. गाडी शेजारच्या लाइनवर असेल, असं त्याने धरलं. तेवढ्यात वेल्डर ओरडला आणि सहाही माणसांनी बाजूला उड्या मारल्या. मागून आलेली गाडी निघून गेली. ती हिरव्या सिग्नलवर, नियमाप्रमाणेच आली होती.

दुपारी मुकादम ऑफिसात गेला.

“बाई, माझा डावा कान बंद आहे.”

“कधीपासून?”

“चार वर्षं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मुकादम, हे लिहिलं तर तुम्हाला पुन्हा रुळावर जाता येणार नाही. स्टोअरला बसावं लागेल.”

“लिहा.”

बाहेर वेल्डर वाट पाहत होता. “कशाला बोललात, दादा? रिटायर व्हायला दीड वर्ष तर राहिलं होतं. मी होतो ना!”

“तू वेल्डिंगकडे बघणार, का माझ्याकडे?”



दुसऱ्या दिवशी सहाजण शिट्टी फुंकणाऱ्या नव्या माणसासोबत निघाले. स्टोअरच्या कुंपणाचं फाटक जड होतं. मुकादमाने ते धरून ठेवलं. शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर त्याने आतून कडी लावली आणि फावड्यांचे दांडे तपासायला बसला.