दोन गोधड्या

मलेरियाच्या नोकरीत अकरा वर्सं झाली अन् पायाचे तुकडे पडले. चौऱ्याऐंशीचा मे महिना, रोज तीन गावं, सायकलवर. कोणाचं अंग तापलं का बोटाले सुई टोचाची, काचेवर रक्त घ्याचं, चार कडू गोळ्या द्याच्या अन् सांगाचं, गोधडी पांघरा, घाम आला का ताप उतरते. आमच्या जंगलात ताप मंजे हिवताप, दुसरं नावच नाई.

त्या दुपारी वारलूले खाटेवर टाकून जंगलातून आणलं. तेंदूपत्ता तोडाले गेला होता. अंग तव्यावानी तापलेलं. त्याची बायको शकुबाई सांगे, सकाळी चांगला होता. खरं सांगतो, मी भागलो होतो अन् अजून दोन गावं बाकी होती. सुई टोचली, गोळ्या देल्या, गोधडीचं सांगितलं अन् सायकल काढली. सारं तोंडपाठ होतं, डोकं चालवाची गरजच पडे नाई.

संध्याकाळी परतलो त वारलू बरळत होता. दोन गोधड्यांखाली अंग कोरडं ठाक. नर्स इंदुताई आली होती. तिनं गोधड्या फेकल्या, ओली लुगडी टाकली, शकुबाईले वारा घालाले लावलं. मंग मले बाजूले घेतलं.

"लटारूभाऊ, याले थंडी वाजली होती का?"

म्या विचारलंच नोतं.

इंदुताईनं सांगितलं, मेंदूच्या बुडाशी अंगाची गरमी सांभाळणारा राखणदार असते. हिवतापात तोच जास्त गरमी मागते, म्हणून आधी हुडहुडी भरते. मंग तोच घाम काढून ताप उतरवते. वारलू सकाळपासून उन्हात राबला अन् राखणदारच हरला. आता घाम पाठवाले कोणी उरलंच नोतं. अन् वरून आमच्या गोधड्या.

दिवेलागणीले वारलू गेला.

तेरवी झाल्यावर त्याच्या घरी गेलो. शकुबाई गोधड्यांच्या घड्या करत होती.

"दोनच टाकल्या म्या, भाऊ. तिसरी टाकली असती त घाम आला असता का?"

हो म्हटलं असतं त सुटलो असतो. लय वाटलं म्हणावं. पण जीभच वळली नाई.

"बाई, एकबी टाकाले नाई पायजे होती. त्याले उन्हाची लू लागली होती."

ती हातातल्या गोधडीकडे पायत राह्यली. "मंजे माह्या हातानं?"

"नाई बाई. माह्या तोंडानं."

तिनं ऐकलं का नाई, मालूम नाई. गोधडी खाली ठेवली अन् दोन्ही हात पदराखाली झाकून घेतले.