डाव्या स्पीकरवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना स्टिरिओ आहे. वय विचारू नका. माझ्यात अजून कॅसेट घालावी लागते, यावरून काय ते समजा. आणि एक आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव संशयी आहे. जन्मापासून नव्हता, झाला.

कारखान्यात एका बाईंनी माझे दोन्ही स्पीकर कान लावून तपासले आणि पाठीवर 'ठीक' असा शिक्का मारला. छापखान्यात काम करणाऱ्या बाबांनी मला घरी आणलं. पट्टीने मोजून त्यांनी स्पीकर सारख्या अंतरावर ठेवले आणि बरोबर मधोमध आपली खुर्ची टाकली. "हात लावू नका रे, बिघडेल!" हे वाक्य त्या घरात माझ्याइतकंच जुनं आहे.

पुढे दिवस पालटले. माझ्या डोक्यावर विणलेला रुमाल आला, रुमालावर फुलदाणी, फुलदाणीत पाणी. पाणी! विजेवर जगणाऱ्याच्या डोक्यावर! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आईंना मी नकोसा झालोय, दुसरं काय? मग त्यांच्या मुलीने, ताईने, पेल्याएवढा नवा स्पीकर आणला. म्हणजे तीही सामील!

पण खरा घाव घातला बाबांनी. निवृत्त झाल्यावर एकदा खुर्चीत बसून म्हणाले, "याचा डावा स्पीकर बसलाय." अहो, डावा खणखणीत वाजत होता! तरी ते आवाज दोन बाजूंना वाटणारं माझं बटण रोज थोडं डावीकडे फिरवायचे, वर आवाजही वाढवायचे.

"अहो, घर डोक्यावर घेताय की काय!" आई स्वयंपाकघरातून ओरडायच्या.

"डावीकडून येतच नाही काही, मी काय करू?"

"मग द्या ना भंगारात!"

भंगार. तो शब्द ऐकला आणि मी मनातून हादरलो. आपल्याच माणसाने खोटा आळ घ्यावा, याहून वाईट काय?

शेवटी ताईने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा माझे चांगले भाग लंपास करणार, अशी माझी पक्की खात्री. त्याने मला उघडलं, तपासलं, काहीच काढलं नाही. नुसते दोन्ही स्पीकर वायरींसकट अदलाबदल करून ठेवले आणि कॅसेट लावली.

"आता डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. सांगा काका, कुठल्या बाजूचा बसलाय?"

"डावीकडचाच!" बाबा लगेच म्हणाले.

त्याने मला बंद केलं. मग बाबांच्या मागे, डाव्या बाजूला जाऊन अगदी हळू विचारलं, "काका, चहा घेणार?"

बाबा समोर बघत बसले. दारात उभ्या आईंचा हात तोंडाशी गेला.

"काकू, स्टिरिओ ठणठणीत आहे," तो म्हणाला. "काकांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या."

मी निर्दोष सुटलो, मित्रांनो, पण आनंद काही झाला नाही. तीस वर्षं छापखान्याचं यंत्र बाबांच्या डाव्या हाताला धडधडत होतं. मी घरातल्या एकूण एक माणसावर संशय घेतला, पण त्यांच्या कानाचा विचार माझ्या मनाला शिवला नाही. बटण तर माझंच फिरत होतं ना? सगळ्यांआधी मलाच कळायला हवं होतं. तो आळ खरा असता तर किती बरं झालं असतं! स्पीकर बदलून मिळतो हो.

गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळू, असं डॉक्टर म्हणाले. बाबांच्या कानात एक इवलंसं यंत्र बसलं. त्याच्यावरही माझी नजर आहेच. त्या दिवशी घरी आल्यावर बाबांनी माझं बटण बरोबर मधोमध आणलं आणि खुर्चीत बसले. आई डावीकडून आल्या. खूप हळू म्हणाल्या, "चहा घेणार?"

बाबांनी मान वळवली. "अर्धा कप."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी सारखा आवाज वाढवू लागलं, तर यंत्राला नावं ठेवण्याआधी त्या माणसाला एकदा हळूच हाक मारून बघा.