उघडं नेट

"मॅडम, आपका वायफाय तो खुला पड़ा है जी," सब-इन्स्पेक्टरनं आपला लॅपटॉप सुनेत्राकडे वळवला. "पूरा मोहल्ला इस्तेमाल कर ले."

करतच होता. वरच्या मजल्यावरचे, शेजारचे, सगळेच. विरजण मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणतं का, तसंच हे, असं सुनेत्राचं साधं गणित. दिवसभर रक्तपेढीत पिशव्यांवर चिठ्ठ्या चिकटवून दमलेल्या या बाईला घरी येऊन कुणावर पहारा ठेवायची हौस नव्हती.

पण आता प्रकरण अंगाशी आलं होतं. तिच्या मुलीच्या, स्वरालीच्या कोचिंगमधल्या सरोज मॅडमना धमकीचे मेल येत होते. तोंडावर अ‍ॅसिड फेकू, असले. सगळे याच घराच्या कनेक्शनवरून गेलेले.

"आज ही पासवर्ड लगाओ," उठता उठता तो म्हणाला. "इसके बाद मेल आया, तो घर का ही कोई होगा."

तो गेल्यावर विश्वासला, तिच्या नवऱ्याला, हायसं वाटलं. "बघ, म्हटलं नव्हतं मी? बाहेरचाच कुणीतरी हरामखोर आहे. लाव कुलूप आणि हो मोकळी." पिंजौरची बस चुकेल म्हणून तो लगबगीनं कारखान्यात निघून गेला; याच नोकरीपायी हे मराठी कुटुंब इकडे उत्तरेत येऊन राहिलं होतं.

सुनेत्रा कसली मोकळी होतेय! मागच्याच महिन्यात सरोज मॅडमनी स्वरालीला भर वर्गात उभं करून खालच्या बॅचमध्ये धाडलं होतं. तेव्हापासून पोरगी जेवतानाही बोलेनाशी झाली होती.

राउटरबरोबर आलेलं माहितीपत्रक शोधून ती कॉम्प्युटरपुढे बसली. सेटिंगच्या पानावर सिक्युरिटीपुढे 'डिसेबल्ड' होतं. पत्रकात डब्ल्यूपीए नावाचं कुलूप घ्या म्हटलं होतं, तिनं ते निवडलं. पासवर्ड टाकला. आता फक्त 'सेव्ह' दाबायचं, आणि तिथं हात अडला. नेट उघडं होतं तोवर गुन्हेगार कुणीही असू शकत होता. कुलूप लागलं की घरातली तिघंच उरणार. पोटच्या पोरीविषयी असं मनात यावं, याची तिला शरम वाटली. भीती त्याहून मोठी होती. डोळे मिटून तिनं बटण दाबलं.

संध्याकाळी जिन्यातून हाक आली, "भाभीजी, नेट नहीं चल रहा!" शेजाऱ्यांनीही विचारलं. सुनेत्रानं ओशाळत सगळ्यांना नाही म्हटलं. स्वरालीनं विचारलं की मात्र पासवर्ड चटकन सांगून टाकायचा, क्षणभरही घुटमळायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

स्वरालीनं विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढे आठवडाभर नाही. एरवी पाच मिनिटं नेट गेलं तर घर डोक्यावर घेणारी मुलगी लॅपटॉप मिटून मुकाट वह्या लिहीत राहिली.

रविवारी पोलिसांचा फोन आला. "मेल बंद हो गए जी. बाहर का ही कोई था."

"जी," सुनेत्रा म्हणाली. कुलूप लागलंय हे घरातल्यालाही कळलं असणारच, हा विचार तिला सोडेना.

विश्वासनं त्या आनंदात जिलेबी आणली. दुपारी तिघं जेवायला बसली, तेव्हा सुनेत्राला राहवेना. "स्वरा, पासवर्ड सांगू का गं तुला?"

"नहीं चाहिए, मम्मा." मान वर झाली नाही.

"बघ, अभ्यासाला लागली पोरगी!" विश्वास खूश होऊन म्हणाला.

काहीतरी करायचं म्हणून सुनेत्रा लेकीच्या भातावर तूप वाढू लागली. स्वराली 'बस' म्हणाली नाही. तूप भातावरून ओघळून ताटभर पसरत गेलं, आणि दोघींपैकी कुणीच हात आडवा केला नाही.